बाळाची शेजारती

मैत्रिणींनो, घरात नातवंड आले की वर्षाच्या आत त्याला कुलदेवतेच्या पायावर घालून आणायचे, असा आपल्याकडे बहुतेक घरी रिवाज असतो. आमच्या जावयांची कुलदेवता कोल्हापूरची अंबाबाई. नात नऊ महिन्यांची झाली, पावसाळा सरून हवाही बरी पडली, तसा गेल्या नोव्हेंबरात आम्ही कोल्हापूरचा बेत ठरवला. लेक, जावई, नात आणि मी.

देवदर्शनाचे निमित्त होतेच. पण खरे सांगू? मला लेकीला चार दिवस त्या घराबाहेर काढायचे होते. नऊ महिन्यांत तिला सलग तीन तास झोप म्हणून मिळाली नव्हती. डोळ्यांखाली काळी वर्तुळे, केस हातात येत होते, आणि साधे 'चहा घेतेस का गं?' विचारले तरी डोळ्यांत टचकन पाणी. एकदा तर ताटावर बसल्या बसल्या, हातात घास तसाच धरून तिला डुलकी लागलेली मी पाहिली.

कारण एकच. बाळ झोपत नव्हते. खांद्यावर घेऊन अर्धा-पाऊण तास घरभर फेऱ्या मारल्या की डोळे मिटायचे; अंथरुणावर पाठ टेकली रे टेकली, की पुन्हा टक्क जागे! रात्रीतून सहा वेळा हाच प्रकार. आणि त्यावर मी आई म्हणून काय म्हणावे? "आम्ही नाही का मुलं वाढवली?" हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन, देव जाणे. त्याचा हिशेब पुढे कोल्हापुरात चुकता झाला. तोच तुम्हांला सांगणार आहे.

रात्रीची गाडी

आम्ही कल्याणला महालक्ष्मी एक्सप्रेस धरली. रात्रभराचा प्रवास, म्हणून माझ्या पोटात गोळाच आला होता. डब्यातल्या लोकांची झोप आमची नात मोडणार! पण नवल पाहा. गाडीने वेग घेतला आणि बाळ आईच्या कुशीत जे निजले, ते पुणे गेले, सातारा गेला, तरी हूं की चूं नाही. लेकीलाही झोप लागली. पहाटे मिरजेला गाडी थांबली. हेलकावे थांबले, तशी दोन मिनिटांत पोरीने डोळे उघडले आणि टाहो फोडला. गाडी हलली, पुन्हा गप्प.

जावई हसून म्हणाले, "आई, आता घराला चाकं लावून घ्यावी लागणार!" तेव्हा आम्ही सगळेच हसलो. पण बाळाच्या जागरणाचे निम्मे कोडे त्या मिरज स्टेशनातच सुटले होते, हे पुढे आक्काने दाखवून दिले.

आक्का म्हणजे माझी आतेबहीण. लग्न होऊन कोल्हापुरात आली, त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. मंगळवार पेठेत तिचे जुने घर आहे. पुढे सोपा, मग माजघर, मागे परडे. माजघराच्या तुळईला दोन कड्या अजून आहेत. तिच्या तिन्ही मुलांचा पाळणा त्याच कड्यांना टांगलेला असायचा. आम्ही येणार म्हणून तिने तो माळ्यावरून काढून, धुऊन-पुसून ठेवला होता.

लेकीकडे तिने एकदाच पाहिले. म्हणाली, "पोरी, किती दिस झालं गं निजून?" बस्स, एवढ्यानेच लेकीचा बांध फुटला.

पितळी उंबऱ्यापाशी

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर देवळात गेलो. महाद्वारातून आत शिरले की समोर दीपमाळा, मग गरुड मंडप, आणि आत काळ्या पाषाणाचे ते भव्य देऊळ. दगडी खांबांतून पुढे पुढे जाताना अंधार आणि गारवा वाढत जातो. देवळातले बहुतेक देव पूर्वेकडे तोंड करून असतात. आपली अंबाबाई मात्र पश्चिमाभिमुख आहे. म्हणूनच वर्षातून दोनदा, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत, मावळतीचे ऊन महाद्वारातून आत येते, गरुड मंडप, पितळी उंबरा ओलांडून गाभाऱ्यात पोहोचते आणि देवीच्या पायांपासून वर चढत जाते. हाच तो किरणोत्सव. आम्ही गेलो तेव्हा तो होऊन आठवडा झाला होता; पण रांगेतल्या बायकांच्या तोंडी अजून तीच गोष्ट होती.

खण-नारळाने ओटी भरली, बाळाला देवीपुढे धरले. गर्दी, घंटा, कुंकवाचा वास, अनोळखी चेहरे. आमच्या बाईसाहेबांनी असा काही सूर लावला, की विचारू नका. लेक ओशाळली. मागची एक म्हातारी म्हणाली, "रडू दे गं, आईपुढंच रडतंय न्हवं?" मला ते वाक्य फार आवडले.

दुपारी आक्का भांडी आवरत होती, बाळ नुकतेच पेंगले होते. परड्यात तुळशीपाशी लेक माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, तुला एक सांगायचंय. रागावू नकोस."

मग तिने सांगितले. दोन आठवड्यांपूर्वी एका रात्री बाळ पाचव्यांदा उठले. घरात खोकल्याचे औषध होते. 'त्याने मुलं छान झोपतात' असे कुणीतरी तिला सांगितले होते. तिने चमचा भरला. बाळाच्या ओठांपर्यंत नेला. आणि मग बेसिनमध्ये ओतून, बाटलीसुद्धा रिकामी करून, तिथेच खाली बसून रडली. "आई, मी देणारच होते गं," ती म्हणाली. "मी वाईट आई आहे का?"

मैत्रिणींनो, त्या क्षणी माझे ते 'आम्ही नाही का मुलं वाढवली' माझ्याच घशात अडकले.

गिरणीतल्या आया

मला माझ्या सासूबाई आठवल्या. त्या लालबागच्या चाळीत वाढलेल्या. त्या सांगत, की त्यांच्या लहानपणी गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळाला 'बाळागोळी' देऊन कामावर जात. ही बाळागोळी म्हणजे अफूची गोळी! ही काही चाळीतली नुसती ऐकीव गोष्ट नव्हे. १९२०च्या दशकात सरकारने नेमलेल्या डॉक्टरीणबाईंनी मुंबईतल्या कामगार बायकांच्या वस्तीत पाहणी केली, तेव्हा तिथल्या बहुतेक तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचे दिसून आले. बाळ निपचित पडून राही, भूक लागल्याचेही त्याला समजत नसे, आणि मात्रा थोडी जास्त झाली तर श्वासच मंदावे.

त्या बाया दुष्ट होत्या का? मुळीच नाही. दहा-दहा तास साच्यावर उभे राहायचे, बाळाला सांभाळायला कुणी नाही, आणि रात्री शेजारच्या खोलीतून 'गप्प कर त्याला' अशी हाक. थकलेल्या बाईला जो तोडगा हाताशी मिळाला, तो तिने केला. आज अफूची गोळी गेली. पण त्या जागी जायफळाचे वेढे आले, खोकल्याचे औषध आले. जायफळ जास्त झाले तर विषासारखे बाधते, आणि उगाळताना दोन वेढे की चार, याला माप कुठले? सर्दी-खोकल्याच्या औषधांचे म्हणाल, तर त्यांतले एक नेहमीचे मिश्रण, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे, चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये अशी सूचना २०२३ साली केंद्रीय औषध नियंत्रकांनी काढली. त्याने येते ती गुंगी, झोप नव्हे. म्हणून बाळाला झोप यावी यासाठी कोणतेही औषध, गुटी, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. घरातल्या कितीही मोठ्या माणसाने सांगितले तरी.

लेकीला मी जवळ घेतले. म्हटले, "वाईट आईनं चमचा बेसिनमध्ये ओतला नसता."

शेजारती

त्या रात्री आक्का म्हणाली, "चल, शेजारतीला जाऊन येऊ." मुलांना घरी ठेवून आम्ही दोघी निघालो. महाद्वार रोडवरची दुकाने मिटत आली होती. देवळात सकाळची गर्दी ओसरून मोजकी माणसे उरली होती.

अंबाबाईचा दिवस कसा आखलेला असतो, तुम्हांला ठाऊक आहे ना? पहाटे काकड आरतीने तिला जागे करायचे. मग अभिषेक, महापूजा, नैवेद्य, दागिन्यांची पूजा. दिवेलागणीनंतर धूपारती. आणि रात्री दहाच्या सुमाराला शेजारती. शेज म्हणजे अंथरूण. ती झाली, की गाभाऱ्याची दारे बंद. मग राजा येवो की रंक, देवी निजली! रोज तेच, त्याच क्रमाने. एकामागून एक पायरी अशी उतरत जाते, की शेवटची आरती कानांवर पडली की आपल्यालाही जांभई यावी.

परत येताना आक्का म्हणाली, "बघ की गं. जगाची आई ती. तिची शेज ठरल्या वेळी, ठरल्या रीतीनं. आन् तुमच्या लेकराची? रातच्याला दहा वाजता टीव्ही चालू, दिवं लख्ख, बाप आत्ता आला म्हणून खेळ चालू. त्या जिवाला काय ठावं, रात झाली का दिस हाय? तू त्याला कधी सांगितलंस, की बाई, आता निजायचं?"

मी चालता चालता थांबले. खरेच, आम्ही बाळाला झोपवत होतो, पण झोपेची वेळ झाली हे त्याला कधी सांगितलेच नव्हते.

आक्काचे म्हणणे डॉक्टरांच्या म्हणण्याशी तंतोतंत जुळते. पोटातून आलेल्या बाळाला दिवस-रात्र कळत नाही. दोन-तीन महिन्यांनंतर त्याच्या शरीरातले घड्याळ हळूहळू चालू होते, आणि ते लागते उजेडावर. सकाळी ऊन, दिवसा घरातला नेहमीचा उजेड आणि गडबड, संध्याकाळी मंद दिवा आणि शांतता. किरणोत्सवात देवीच्या पायांशी ऊन येऊन सांगते ना, की दिवस मावळला? बाळालाही तसेच कुणीतरी सांगावे लागते.

आक्काची आखणी

दुसऱ्या दिवसापासून आक्काने घराचा ताबा घेतला. संध्याकाळी साडेसातला टीव्ही बंद, मोबाईल कोनाड्यात. माजघरात एकच मंद दिवा. कोमट पाण्याने बाळाचे अंग पुसून काढायचे, हलक्या हाताने तेल लावायचे, सैल सुती कपडे घालायचे. मग आईचे दूध. मग दिवा आणखी बारीक आणि अंगाई. रोज एकच अंगाई, बरं का! नवी नवी गाणी नकोत. बाळाला गाण्याची गोडी लावायची नाही, निजेची खूण द्यायची आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोळे पेंगुळले, पण अजून मिटले नाहीत, अशा वेळी बाळाला अंथरुणावर ठेवायचे आणि जवळ बसून थोपटायचे.

लेक म्हणाली, "मावशी, खाली ठेवलं की ती उठतेच."

"उठंल की. पर मिरजंला का उठली, सांग बघू?"

इथे मला उलगडा झाला. बाळाची झोप आपल्यासारखी लांबलचक नसते. साधारण पाऊण तास-तासाभराने ते थोडेसे जागे होते, चाचपून पाहते आणि सगळे ठीक असेल तर पुन्हा झोपते. पण झोपताना खांद्यावर हेलकावे होते आणि जाग आली तर खाली गादी, असे झाले की ते बिचकते. आपण सोप्यात झोपलो आणि जाग आली ती परड्यात, तर आपणही ओरडूच की! आगगाडी थांबताच पोर उठली, ती याचसाठी. जिथे आणि जशी झोप लागली, तिथे आणि तसेच जाग आल्यावर सापडावे, एवढेच तिचे मागणे.

त्यात नऊ महिन्यांचे वय म्हणजे आई दिसेनाशी झाली की कावरेबावरे होण्याचे वय. आई खोलीबाहेर गेली तरी ती आहेच, परत येते, हे बाळ याच दिवसांत शिकत असते. आक्का दिवसभर पदराआड तोंड लपवून तिच्याशी 'कुक्' खेळत होती. मला वाटले, करमणूक चालली आहे. पण तो खेळ म्हणजे याच गोष्टीचा धडा असतो.

आता सगळेच आक्काचे बरोबर होते असे नाही, आणि हेही सांगायला हवे. तिने हौसेने पाळणा टांगला. पण आमची नात आता धरून उभी राहू लागली आहे. अशा बाळाला पाळण्यात निजवले तर कठड्यावरून पडायला वेळ लागत नाही. लेकीने तसे हळूच सांगितले. आक्का क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "व्हय गं, माझा थोरला असाच पडला हुता. कपाळावर खोक हाय अजून." मग जमिनीवरच घट्ट गादी घातली. झोळीचेही तसेच. झोळीत बाळाची मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडू शकतो. म्हणून रात्रभरासाठी किंवा नजरेआड झोळी नकोच. संध्याकाळी आक्का धुरीची शेगडी घेऊन आली, तीही लेकीने परत पाठवली. धूर तान्ह्या छातीला सोसत नाही. आक्का रागावली नाही, हे तिचे मोठेपण.

रंकाळ्यावर पाच मिनिटे

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर गेलो. कोल्हापुरात येऊन रंकाळ्याचा मावळता सूर्य पाहिला नाही, तर काय पाहिले? पाणी तांबूस झाले होते, पलीकडच्या काठावर १९३०च्या दशकात बांधलेला शालिनी पॅलेस उभा, आणि घाटावर भेळवाल्यांची, पोराबाळांची वर्दळ. कुणाचा तरी फुगा फुटला आणि आमच्या बाळाने रडून आकांत मांडला.

लेकीने मला एक नवीनच युक्ती दाखवली. जपानमधल्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास तिने वाचला होता. प्रयोग थोड्याच बाळांवरचा, पण उपयोगी. रडून कासावीस झालेल्या तान्ह्याला छातीशी धरून न थांबता, सरळ, सारख्या चालीने पाच मिनिटे चालायचे. ते निजले तरी लगेच खाली ठेवायचे नाही. तसेच धरून पाच ते आठ मिनिटे बसून राहायचे. तेवढ्यात झोप घट्ट होते, मग ठेवायचे. लेक काठाकाठाने चालली, मी घड्याळ धरले. पाच मिनिटांत मान खांद्यावर पडली. घाटाच्या पायरीवर ती तशीच बसली. ऊन मावळले, दिवे लागले, बाळ निजलेलेच. एवढ्या महिन्यांत लेकीला निवांत बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

पण ही युक्ती रडण्यापुरती, बरं का. रोजच्या निजेला आक्काचीच रीत.

परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबलो. म्हैस समोर उभी, चरवीत धार पडते आणि फेसाळ पेला हातात. तालमीतली पोरे तिथेच उभ्याने रिचवतात. एक भले गृहस्थ बाळाकडे पाहून म्हणाले, "दोन घोट पाजा, रातभर गाढ निजंल!" मी हात जोडले. वर्षाच्या आत बाळाला वरचे दूध हे मुख्य अन्न म्हणून द्यायचे नसते, आणि न तापवलेले दूध तर कुठल्याच वयाच्या मुलाला नको. आम्ही घरी आणून चांगले उकळले आणि मोठ्यांनीच प्यायलो. त्याची चव मात्र अजून जिभेवर आहे.

पाळी कुणाची?

पहिल्या रात्री जादू वगैरे काही झाली नाही. पोर रडली. लेकीने उचलले नाही, पण जवळून हललीही नाही, थोपटत राहिली. वीस मिनिटे लागली. दुसऱ्या रात्री पंधरा. मध्यरात्री उठली, तेव्हा लगेच झडप घालून उचलायचे नाही, मिनिटभर ऐकायचे, असे ठरले होते. कधी कधी बाळ झोपेतच कण्हते आणि आपणच त्याला उचलून जागे करतो! एकदा तर खरेच तसे झाले. मिनिटभरात ती आपली आपण निजली. भूक लागली तर दूध द्यायचेच. त्यात कसूर नाही.

पण खरी गोष्ट घडली ती तिसऱ्या रात्री. जेवणे झाली, तसा आक्काने जावयांकडे मोर्चा वळवला. "पाव्हणं, आज दोन वाजल्यापास्नं सकाळपातूर तुमची पाळी. बाईला उठवायचं न्हाई. दूध लागलं तरच."

जावई बिचारे तसे चांगले आहेत. म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नव्हतं, मावशी."

"आत्ता सांगितलं," आक्का म्हणाली.

नंतर ती मला आत घेऊन गेली. "तू म्हणतीस ना, आम्ही न्हाई का पोरं वाढवली? अगं, माझी पोरं मी एकटीनं वाढवली व्हय? पहाट झाली की सासू येऊन लेकरू उचलून न्यायची. नणंद दुपारी घ्यायची. शेजारची काकू तेल लावायची. तुझ्या पोरीला कोण हाय? चार भिंती आन् मोबाईल."

माझी मान खाली गेली. माझ्याही सासूबाई पहाटे चार वाजता न बोलता बाळाला घेऊन जात, आणि मी सहापर्यंत गाढ झोपत असे. ते मी विसरूनच गेले होते. आपल्या वेळचे कष्ट लक्षात राहतात. कष्टांत कुणी हात लावला, ते आपण विसरतो. आणि मग मुलीला, सुनेला टोचून बोलतो.

चौथ्या रात्री नऊला निजलेले बाळ दोनला उठले, बापाने थोपटले, पुन्हा पाचला. लेक सलग सहा तास झोपली. सकाळी उठून तिने आरशात पाहिले आणि स्वतःशीच हसली.

जाता जाता चार गोष्टी

कोल्हापूरला किंवा कुठेही तान्ह्याला घेऊन जाल, तर आणि एरवी घरीही, एवढे ध्यानात असू द्या :

१. किती झोप हवी? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलेले प्रमाण असे. तीन महिन्यांपर्यंत दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास, चार ते अकरा महिने १२ ते १६ तास, एक-दोन वर्षे ११ ते १४ तास, तीन-चार वर्षे १० ते १३ तास. दुपारची झोप यातच धरायची. दुपारी निजवले नाही तर रात्री बरे झोपेल, हा समज चुकीचा. अति दमलेले बाळ अधिकच किरकिरते.

२. वर्षाच्या आतले बाळ नेहमी पाठीवर निजवा. अमेरिकेत १९९२ सालापासून बालरोगतज्ज्ञांनी हे सांगायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत झोपेतल्या अचानक बालमृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. गादी घट्ट हवी. उशी, जाड दुलई, लोड, मऊ खेळणी अंथरुणात नकोत. थंडी असेल तर कपडे वाढवा, पांघरुणांचा ढीग नको. गळ्यात दोरा, ताईत घालून निजवू नका.

३. परगावी जाताना बाळाची रोजची चादर आणि रोजची अंगाई बरोबर न्या. जागा बदलली तरी निजेचा क्रम बदलू नका. दर्शनाला सकाळी लवकर जा. बाळाच्या झोपेच्या वेळी रांगेत उभे राहू नका.

४. सहा महिन्यांच्या आत बाळ रात्री दुधासाठी उठणारच. तेव्हा ते हट्ट करत नसते, त्याला भूक लागलेली असते. आणि वर्षाच्या आत मध चाटवू नका.

५. बाळ घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, वजन वाढत नसेल, ताप असेल किंवा रडणे नेहमीपेक्षा वेगळे वाटत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा.

६. आणि आईकडे पाहा. दोन-दोन आठवडे रडू येते, कशात मन लागत नाही, बाळाजवळ जावेसे वाटत नाही, नको ते विचार येतात, असे असेल तर तो आळस नव्हे आणि नाटकही नव्हे. बाळंतपणानंतर येणारा तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तिला डॉक्टरांकडे न्या. कधी अगदीच असह्य झाले, तर बाळाला अंथरुणावर नीट ठेवून पाच मिनिटे बाजूला जाऊन बसायला काहीच हरकत नाही.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही पुन्हा शेजारतीला गेलो. या खेपेला लेकही होती. बाळ घरी निजले होते, बापाच्या राखणीत. दिवे उजळले, आरती झाली, दारे मिटली. बाहेर येऊन आम्ही तिघी दीपमाळेपाशी थोडा वेळ उभ्या राहिलो.

लेक म्हणाली, "आई, आपल्याकडे देवीला कोण निजवतं, याचीही पाळी ठरलेली असते नाही?"

"असते तर," मी म्हटले. "घरी गेल्यावर रविवारची पहाट माझी."

आता रविवारी पहाटे पाचला मी तिच्या घरी जाते, बाळाला घेते आणि दार लोटून घेते. आत लेक निजलेली असते. तुमच्या घरीही अशी कुणी जागी असेल, मैत्रिणींनो. लेक असो, सून असो, शेजारीण असो. सल्ला मागाहून द्या. आधी तिला एक पहाट द्या.